टाकीची वेगळी चूल

मी तांब्याचा कागद बनवते. कोणी विचारलं की मी असंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा कोरा होतो. तांब्याचा बंब होतो, कळशी होते, पळी-पंचपात्र होतं, कागद कशाला? मग मी सांगते, की हा कागद माणसाच्या केसापेक्षा पातळ असतो, तुमच्या मोबाइलच्या पोटात वळून-दुमडून बसलेल्या पट्ट्या असतात त्यांत तोच असतो, आणि ती पट्टी तुटली तर मोबाइल मेला. एवढं ऐकेपर्यंत समोरचा माणूस स्वतःच्या मोबाइलमध्ये बघायला लागलेला असतो.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. त्यात एक टाकी. टाकीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि आम्ल कालवलेलं निळंशार पाणी, आणि त्यात अर्धा बुडालेला एक मोठा टायटॅनियमचा ढोल. ढोल इतका गुळगुळीत, की त्यात बघून टिकली सरळ लावता येते. तो संथ फिरतो. वीज सोडली की पाण्यातलं तांबं ढोलाच्या अंगावर सायीसारखं धरतं. ढोल फिरत वर आला की ती साय सोलायची आणि पलीकडच्या रिळावर गुंडाळायची. झाला कागद. माझे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेत. त्यांनी हे सगळं एकदा नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही डोंगराएवढा कोळसा जाळून वीज करायचो. ती तू सायीवर खर्च करतेस होय?"

कागद होणं सोपं असतं. तो लवचीक होणं महाकठीण. नुसती वीज सोडली तर तांब्याचे कण दांडगाई करतात, एकमेकांच्या खांद्यावर चढून बसतात, आणि कागद पापडासारखा कडक होतो. त्यांना शिस्तीत बसवायला पाण्यात दोन गोष्टी लागतात: चिमूटभर मीठ आणि चमचाभर सरस. सरस म्हणजे जिलेटिनची फिकट पिवळी पूड. हजारो लिटरच्या टाकीला रोज चमचाभर. तो चमचा मीच मोजून टाकत असे आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

कागद किती लवचीक झाला हे बघायला आमच्याकडे घडीयंत्र आहे. चिमट्यात पट्टी धरायची, खाली वजन लटकवायचं, आणि यंत्र पट्टीला एकदा इकडे वाकवतं, एकदा तिकडे, ती तुटेपर्यंत. त्याचा आकडा सदतीसवर जाऊन अडकतो, ही त्याची जुनी खोड. त्यामुळे पुढच्या घड्या आमचे मिस्त्री तोंडाने मोजतात आणि खडूने भिंतीवर रेघा मारतात.

मिस्त्री चांदवडकडचे, पन्नाशी उलटलेले. ढोल पुसणं, घासणं, चकाकवणं हे त्यांचं काम. ढोलावर त्यांचा जेवढा जीव आहे तेवढा जावयावर नाही, हे ते जावयासमोरही सांगतात.

आणि मालक. त्यांना आम्ही सगळे शेठ म्हणतो. मूळचे सायखेड्याचे, द्राक्षबागायतदाराच्या घरचे. बागेवर फवारायला मोरचूद कालवण्यातच त्यांचं लहानपण गेलं, त्यामुळे आमच्या टाकीचा निळा रंग त्यांना माहेरचा वाटतो. घराणं माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, खिशात जपाची वेगळी. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. कांद्याच्या जिल्ह्यात राहून कांदा सोडणं ही माझ्या मते खरी तपश्चर्या.

मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं आणि कुजबुजले, "ताई, शेठ माळकरी हायेत. डब्यात भाजीच आणत जा." त्या दिवशी आईने मोठ्या हौसेने सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. तो डबा मी न उघडताच नाशिकरोडला परत नेला. दुसऱ्या दिवसापासून भेंडी. भेंडीच का, तर ती सकाळी झटपट होते आणि तिच्या वाटेला कोणी जात नाही. घरी आम्हाला सगळं चालतं. आई मासे तळता तळता माझ्यासाठी वेगळी कढई ठेवायची आणि म्हणायची, "तू नोकरीला जातेस की उपासाला?" अशी दोन वर्षं गेली. मला भेंडीचा तिटकारा आला होता, पण नोकरी कंत्राटी होती आणि कंत्राटी माणसाला तिटकारा परवडत नाही.

कायम होणं ही आमच्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट. वडील बदली कामगार म्हणून लागले होते आणि कायम व्हायला त्यांना बरीच वर्षं लागली. त्यांच्या लेखी कायम होणं म्हणजे निर्वाणाच्या फक्त एक पायरी खाली. रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत ते विचारायचे, "झालीस का कायम?" मी म्हणायची, "नाही, पण आज ब्याण्णव घड्या झाल्या." ते म्हणायचे, "घड्या लाँड्रीवालाही करतो."

पण या घड्यांवरच सगळं अडलं होतं. पुण्याची एक मोठी कंपनी आमचा कागद घेणार होती. अट एकच: पट्टीने शंभर घड्या सोसल्या पाहिजेत. शेठनी मला सांगून ठेवलं होतं, "ताई, शंभर झाल्या की तुम्ही कायम. नाय झाल्या तर ढोल विकून टाकू आनि आपली तांब्याची तार ओढत बसू." तार ओढायला रसायनवाली बाई लागत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ब्याण्णववरून शंभरवर जायचं होतं. मला वाटत होतं, महिनाभरात जाऊ.

मग आषाढी एकादशी उजाडली आणि मी माझ्याच तोंडाने माती खाल्ली.

त्या दिवशी पुण्याहून त्या कंपनीचे तपासनीस आले होते. शेठनी त्यांना उपासाची साबुदाण्याची खिचडी दिली, स्वतःही घेतली. आम्ही टाकीशेजारच्या खोलीत बसलो होतो. तपासनिसांनी पट्टी बोटाभोवती गुंडाळून बघितली आणि मला विचारलं, "मॅडम, एवढा लवचीकपणा आला कशाने?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी दोन वर्षं थांबले होते. मी सुटलेच. म्हणाले, "जिलेटिनमुळे, सर. जनावरांची हाडं आणि कातडी आम्लात भिजवतात, उकळतात, त्यातून जो चिकट पदार्थ निघतो तो वाळवून पूड करतात. ती आम्ही रोज टाकीत घालतो." शेठच्या हातातला खिचडीचा चमचा हवेत थांबला. मला तो दिसला, पण त्याचा अर्थ लागला नाही. मी आणखी दोन मिनिटं हाडांवर बोलले. मज्जेवरसुद्धा बोलले, ज्याची काही गरज नव्हती.

तपासनीस खूश होऊन गेले. जाताना सांगून गेले, की श्रावणातल्या पहिल्या सोमवारी नमुन्याचं रीळ पुण्यात पाहिजे. गाडी फाटकाबाहेर पडली तसे शेठ माझ्याकडे वळले.

"ताई, ते हाडांचं बोलल्या तुम्ही. ते आपल्या टाकीत?"

"हो."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

शेठ खुर्चीत बसले. खिचडी गार झाली होती. ती बाजूला सारत म्हणाले, "पहिल्या रिळाचा तुकडा आमच्या देवघरात हाय. पांडुरंगाच्या पायाखाली अंथरलाय."

मला खरोखर वाईट वाटलं. मी समजावायला गेले, "शेठ, सरस पाण्यातच राहतो. कागदात तो जवळजवळ उतरतच नाही."

"जवळजवळ?"

तिथे मी 'अजिबात' म्हणायला हवं होतं. पण रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'अजिबात' निघत नाही, हा आम्हाला शाप आहे. त्या क्षणापासून टाकी शाकाहारी झाली. सरसाची पिशवी शेठनी फाटकाबाहेर ठेवायला लावली. मिस्त्रींनी ती कागदात गुंडाळून स्वतःच्या स्कूटरच्या डिकीत ठेवली. मिस्त्री काहीच टाकून देत नाहीत.

सरसाशिवाय काढलेला पहिला कागद अकरा घड्यांत तुटला.

सरसाच्या जागी चालतील अशी कारखान्यात बनवलेली औषधंही असतात. मी ती मागवली. पण यायला महिना लागणार होता, आणि हातात तेवढे दिवस नव्हते. शेठ म्हणाले, "औषधं कशाला? चिकटच पाहिजे ना? आपल्याकडं चिकट वस्तूंना काय तोटा हाय?" आणि दुसऱ्या दिवशी डिंक घेऊन आले. लाडवांचा, चांगल्यापैकी, भद्रकालीतल्या दुकानातून आणलेला. मी तो विरघळवला, गाळला, घातला. नऊ घड्या. म्हणजे काहीच न घालण्यापेक्षा वाईट. उरलेल्या डिंकाचे शेठच्या घरून लाडू आले, ते मात्र उत्तम होते.

मग चायना ग्रास, पुडिंग घट्ट करायला घालतात तो. त्याच्या आम्लात गुठळ्या झाल्या आणि त्या ढोलाला जाऊन चिकटल्या. मिस्त्रींनी ढोल पुसताना जे शब्द वापरले ते माळकरी माणसाच्या कारखान्यात प्रथमच वापरले गेले असावेत. मग साबुदाण्याची पेज. त्याने टाकीला फेस आला. निळा फेस, काठावरून बाहेर येणारा. एकादशीची खिचडी उतू गेल्यासारखं दृश्य होतं आणि ते बघायला शेजारच्या कारखान्यातले लोक आले.

प्रत्येक वेळी मी सांगत होते, की शेठ, हे असं चालत नाही. आणि प्रत्येक वेळी शेठ म्हणत, "करून तर बघा." संशोधनाचा मूळ मंत्र तोच असल्यामुळे मला त्यावर काही बोलता येत नसे.

आषाढाचे शेवटचे दिवस आले तेव्हा शेठ सकाळी सकाळी आनंदाने धावत आले. त्यांना रात्री आठवलं होतं. सायखेड्याला त्यांच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस कढताना त्यात भेंडीचं चिकट पाणी घालत, सगळी मळी वर येई आणि गूळ सोन्यासारखा होई. "भेंडी, ताई! भेंडी म्हंजे भाजीतला सरस!" पाठोपाठ मिस्त्री दोन किलो भेंडी घेऊन आत आले.

मी प्रयोगशाळेत बसून दोन किलो भेंडी चिरली. पांढरा कोट घालून. तिचं पाणी काढलं, गाळलं, मोजून टाकीत सोडलं आणि कागद काढला. सतरा घड्या झाल्या. शेठनी टाळी वाजवली. "सतरा! बघा! वाढवा भेंडी!" दुसऱ्या दिवशी चार किलो. त्या कागदावर उभ्या रेघा आल्या, तो सहा घड्यांत तुटला, आणि टाकीची गाळणी भेंडीच्या बुळबुळीने अशी तुंबली, की मिस्त्री कोपरापर्यंत हात घालून ती साफ करत बसले.

जेवणाची सुट्टी झाली. मी माझा डबा उघडला. भेंडी.

त्या डब्याकडे बघता बघता माझं डोकं फिरलं. दोन वर्षं मी या कारखान्यात भेंडी खात होते आणि माझ्या हाताखालची टाकी रोज हाडं खात होती. मालकाच्या डोळ्यांदेखत. आणि आता ती सोवळी झाली, तर तिलाही माझीच भेंडी. मी डब्याचं झाकण लावलं आणि तशीच शेठच्या केबिनमध्ये गेले. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. मला राग आला की ठरवलेलं तसंही आठवत नाही.

"शेठ, ही टाकी कोणाची?"

"कोणाची म्हंजे? माझी."

"मग गेल्या महिन्यात ती गळली, तेव्हा सगळ्यांसमोर काय म्हणालात? 'ताई, टाकी तुमची हाय, जबाबदारी तुमची.' तेव्हा माझी होती. आज तुमची कशी झाली?"

मी पुढे म्हणाले, "तुमची असेल तर गळतीही तुमची आणि अकरा घड्याही तुमच्या. तुम्हीच जा पुण्याला. आणि माझी असेल, तर ती माझ्या घरचं खाईल. आमच्यात सगळं चालतं."

हे बोलून झाल्यावर मी भानावर आले. सोमवार पाच दिवसांवर होता आणि नोकरी गेल्यासारखीच होती. शेठ गळ्यातली माळ बोटाने चाचपू लागले. हा माणूस रागावत नाही. तो नियम शोधतो. आणि त्याला तो सापडला.

"आमच्या घरात," ते सावकाश म्हणाले, "मोठा भाऊ माळकरी नाय. त्याला सगळं लागतं. मग त्याची चूल वेगळी. वसरीच्या पलीकडं, अंगणात. भांडी वेगळी. त्याच्या चुलीवर काय शिजतं ते आमी बघत नाय. पाप लागत नाय आनि भांडनबी होत नाय."

"मग?"

"मग टाकीची चूल वेगळी करू. कागदावर. टाकी तुमच्याकडं, तिच्यात काय जातं ते तुमच्याकडं. मी बघनार नाय. पत्र देतो तसं."

इथे मी जे केलं त्याची मला आजही थोडी लाज वाटते आणि बराच अभिमान वाटतो. मी अगदी साळसूदपणे म्हणाले, "पण शेठ, आम्लाच्या टाकीची जबाबदारी कंत्राटी माणसाला लेखी देता येत नाही. आपल्याच नियमात आहे. त्याला कायम माणूस लागतो."

शेठनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही लय बेरकी हायत." आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी चप्पल काढायच्या आत वडिलांनी विचारलं, "झालीस का कायम?" मी म्हणाले, "झाले." विहारात वर्षावासाचं वाचन सुरू होतं आणि ते तिकडेच निघाले होते. ते परत आत येऊन बसले. चष्मा लावून त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "यात तुला टाकीवर कायम केलंय. सोमवारी घड्या झाल्या नाहीत तर ढोल विकणार. टाकी राहिली नाही, तर तू कायम कशावर?" तीस वर्षं सरकारी पत्रं वाचलेल्या माणसापुढे काही लपत नाही. माझा आनंद निम्मा झाला. पण वाचनाला जाताना त्यांनी ते पत्र खिशात घालून नेलं, आणि विहारात ते कोणाकोणाला दाखवलं हे मला नंतर कळलं.

पत्र मिळालं तो दिवस बुधवारचा. रीळ काढायचं ठरलं शुक्रवारी. शुक्रवारी अवस होती. म्हणजे गटारी. शनिवारपासून श्रावण.

शेठ म्हणाले, "अवसेला नवं काम काढू नये." मिस्त्री म्हणाले, "शेठ, नवं कुठाय? जुनंच हाये, सरसच टाकायचाय. उद्यापासनं श्रावण. सगळं जग आज खाऊन घेतंय, मग टाकीनंच काय पाप केलंय? होऊ द्या तिची गटारी." असं म्हणून त्यांनी स्कूटरच्या डिकीतून सरसाची पिशवी काढली. शेठनी तोंड फिरवलं, पण एक अट घातली. टाकीभोवती पिवळ्या रंगाची रेघ मारायची. रेघेच्या आत ताईंची चूल. ते स्वतः रेघ ओलांडणार नाहीत.

घरी सकाळी वडिलांनी जाहीर केलं होतं, "आपल्यात गटारी नसते." आईने विचारलं, "आणि मटण?" वडील म्हणाले, "ते असतं." मी निघताना आईने सवयीने भेंडी काढली. मी म्हणाले, "आज मटण दे." का म्हणाले, मलाही ठाऊक नाही. टाकी खाणार आणि मी बघत बसणार, हे मात्र आता होणार नव्हतं.

नवं पाणी भरून टाकी दोन दिवस तयार होत होती. मी सरस कोमट पाण्यात फुगवला, विरघळवला, मोजला. मीठ मोजलं, पुन्हा मोजलं. मिस्त्रींनी ढोल असा चकाकवला होता, की मला माझे पिकलेले केस मोजता आले. वीज सोडली. ढोल फिरायला लागला आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी, मऊ, सळसळणारा कागद निघू लागला. बोटाला लागताच कळलं की हा वेगळा आहे. पण बोटाला कळून काय उपयोग. पुण्याला आकडा लागतो.

दुपारी बाराला पट्टी कापली आणि घडीयंत्रात लावली. शेठ रेघेच्या बाहेर हात पाठीमागे घेऊन उभे होते. सगळे कामगार काम सोडून आले. यंत्र सुरू झालं. दहा. वीस. आकडा नेहमीप्रमाणे सदतीसवर अडकला आणि मिस्त्रींनी खडू उचलला. चाळीस. पन्नास. साठनंतर मला बघवेना, मी भिंतीकडे तोंड केलं. सत्तर झाल्या, ऐंशी झाल्या. मिस्त्री मोठ्याने मोजत होते, आवाज चढत होता, आणि ब्याण्णव की त्र्याण्णव म्हणताना त्यांच्या हातातला खडू मोडला. ते खाली वाकले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई," ते म्हणाले, "मी विसरलो."

यंत्र चालूच होतं. खटक, खटक. पट्टी शाबूत. पण किती झाल्या? भिंतीवरच्या रेघा खडू मोडला तिथेच थांबल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. पट्टी आता तुटली असती तर ती शंभराच्या अलीकडची की पलीकडची हे जगात कोणीच सांगू शकलं नसतं.

"गप राहा सगळे," रेघेच्या बाहेरून आवाज आला. "मी मोजतोय."

आम्ही वळून बघितलं. शेठच्या हातात जपाची माळ होती. पहिल्या घडीपासून ते एकेक मणी ओढत होते. डोळे पट्टीवर, ओठ हलताहेत. कोणी श्वास घेईना. मग त्यांचं बोट मेरुमण्याला टेकलं.

"एक माळ झाली," शेठ म्हणाले. "एकशे आठ."

पट्टी अजून वाकत होती. दुसऱ्या माळेच्या एकविसाव्या मण्याला ती तुटली. मिस्त्रींनी ढोलालाच मिठी मारली. मी दोन वर्षांत पहिल्यांदा कारखान्यात मोठ्याने रडले आणि मग हसले. आणि त्या गोंधळात शेठनी हातातल्या माळेकडे बघितलं. आपण तुळशीच्या माळेवर काय मोजलं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"पांडुरंगा," ते म्हणाले. आणि माळ गुपचूप खिशात ठेवली.

जेवणाची सुट्टी झाली. बघते तर जेवणाच्या शेडमध्ये लांब टेबलाभोवतीही पिवळी रेघ. मिस्त्रींनी उरलेला रंग वाया घालवला नव्हता. आत बसून ते म्हणाले, "ताई, आपलीबी चूल वेगळी." मी डबा उघडला. माझ्या मटणाचा वास सुटला आणि एकेक करून बाकीच्यांनीही डबे उघडले. एकाकडे कोंबडी, एकाकडे सुकट, एकाकडे अंड्याची बुर्जी. त्या दिवशी मला कळलं, की आम्ही सगळेच इतकी वर्षं घरून पोट दाबून येत होतो. मिस्त्री स्वतः अकरा वर्षं गवार खात होते.

तेवढ्यात शेठ त्यांचा डबा घेऊन आले. रेघेशी थांबले. सगळ्यांचे घास थांबले.

"हे काय?"

मीच म्हणाले, "वेगळी चूल, शेठ."

"मग इतके दिवस काय आनत होत्या तुम्ही?"

"भेंडी."

"दोन वर्सं? का?"

"तुम्ही माळकरी म्हणून."

"मी कधी नको म्हनलो?"

मी मिस्त्रींकडे बघितलं. सगळ्यांनीच मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री मटणाच्या रश्श्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, चालत नसंल. तुम्ही कधी बोलले नाय. पन ते वाटतंच ना."

शेठनी पिवळी रेघ ओलांडली, माझ्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. "माझा भाऊ माझ्यासमोर बसून खातो," ते म्हणाले. "चूल वेगळी. पंगत एकच हाय आमची." आणि डबा उघडून बिनकांद्याची दुधीची भाजी खायला लागले.

मला हसू आलं आणि मागोमाग रागही आला, आणि दोन्ही अजून गेलेले नाहीत. कोणी मनाई केली नव्हती हे खरं. दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं. आणि मी तरी कुठे विचारलं होतं? चारशे-पाचशे डबे भेंडी खाल्ली, नुसत्या एका कुजबुजीवर.

सोमवारी रीळ पुण्याला पोचलं. त्यांच्या यंत्राचा आकडा अडकत नाही. तिथेही शंभराच्या पुढे गेला. ढोल राहिला, टाकी राहिली. मंगळवारी सकाळी आई ओट्याशी उभी होती, विळीशेजारी भेंडी धुऊन ठेवलेली. "चिरू?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "नको. बोंबलाची चटणी कर."

आईने वळून बघितलं. "आता चालतं का तिथं?"

"पहिल्या दिवसापासून चालत होतं," मी म्हणाले.